कूलरचं गाव आणि माझं अनुमोदन

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाची मीच लिहिलेली जुनी इतिवृत्तं कुणी उघडून बघितली तर एक गंमत दिसेल. ठराव गणपतीच्या हॉलचा असो, वर्गणीचा असो की नाटकाच्या तिकिटांचा, खाली एकच नाव सापडतं: अनुमोदन, सौ. कुंदा लिमये. मला सगळे ठराव पटायचे असं मुळीच नाही. कोजागिरीला बटाटेवड्यांच्या जागी सामोसे ठेवण्याच्या ठरावालाही माझंच अनुमोदन आहे, आणि त्याच ठरावाच्या विरोधात पडलेल्या मतांत माझंही मत आहे.

होतं काय, की ठराव मांडला गेला आणि अध्यक्षांनी "अनुमोदन कुणाचं?" असं विचारलं, की सभेत एक शांतता पसरते. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागतात. ठराव मांडणारा बिचारा उभाच. तिकडे चहा निवत असतो. मला ती शांतता सोसत नाही. माझा हात आपोआप वर जातो. आमचे श्रीकांत मला मंडळाचा रबरी शिक्का म्हणतात. पुण्याचे आहेत, बोलणारच.

हाच हात एकदा भलत्याच सभेत वर गेला, आणि ज्या करारावर माझं पोट चालायचं तो मोडण्याच्या ठरावाला मी अनुमोदन देऊन बसले! ती गोष्ट इतक्या वर्षांनी आठवली तरी मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्या रॉयला विचारून लिहिते आहे. "माझ्या कारखान्याचं नाव तेवढं घालू नका," एवढीच त्याची अट.

आधी कामाबद्दल सांगते. मी कस्टम्स ब्रोकर होते. टेक्सासमधल्या अर्विंगला विमानतळाच्या कुंपणाला लागून गोदामांची रांग आहे, तिथे आमचं ऑफिस. परदेशातून माल आला की सरकारला सांगावं लागतं की हे काय आहे, कुठलं आहे आणि ह्यावर कर किती. हे सांगण्याचं काम आमचं. जगातल्या प्रत्येक वस्तूला दहा आकडी नंबर असतो. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. लोखंडी खिळ्याला वेगळा, तांब्याच्या खिळ्याला वेगळा. ते नंबरांचं पुस्तक पोळपाटाएवढं रुंद आणि उशीएवढं जाड. ब्रोकरचं लायसन्स मिळवायची परीक्षा ते पुस्तक उघडं ठेवून द्यायची असते, तरी बहुतेक लोक नापास होतात. मीही एकदा झाले. नागरिकत्वाची शपथ घेतल्याशिवाय त्या परीक्षेला बसता येत नाही, म्हणून शपथ घेतली आणि मंडळातल्या सगळ्या बायकांना सांगितलं की मी मतदानासाठी नागरिक झाले. खरं कारण हे पुस्तक होतं.

अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको ह्या तीन देशांत तेव्हा नाफ्ता नावाचा करार होता. ह्या तीन देशांत बनलेल्या मालावर आपसांत कर नाही, अशी ती साधी कल्पना. साधी म्हणायची, पण माल कुठे "बनला" हे ठरवायचं कसं? आमच्याकडे तळेकर काका यायचे. त्यांचं इथे किराण्याचं दुकान होतं. टोरांटोहून ते दिवाळीच्या फराळाचा माल मागवायचे. एकदा ते रागानं लाल होऊन ऑफिसात आले.

"कुंदाताई, हा काय चावटपणा आहे? बेसनाच्या लाडवाला टॅक्स माफ, आणि शेवेला टॅक्स लावलाय! दोन्ही एकाच ट्रकमधून आलेत यार!"

"काका, लाडू टोरांटोत वळलेत ना?"

"हो, त्या जोशी मावशी करतात."

"आणि शेव?"

काका जरा चाचरले. शेव राजकोटहून पोत्यांतून यायची आणि टोरांटोत फक्त पाकिटांत भरली जायची.

"बेसन भारतातून आलं, पण मावशींनी भाजलं, तूपसाखर घातली, वळलं. आता ते बेसन राहिलं नाही, लाडू झाला. लाडवाचं गाव टोरांटो. शेव मात्र पाकिटात गेली तरी शेवच. तिचं गाव राजकोट."

काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग मावशींना शेवही पाडायला सांगतो." पुढच्या दिवाळीला खरंच मावशींची शेव आली, आणि राजकोटच्या शेवेपेक्षा किती चांगली होती म्हणून सांगू!

तर हे आमचं काम. वस्तूचं गाव शोधायचं. गाव मेक्सिको निघालं तर नंबरच्या आधी एम-एक्स ही दोन अक्षरं टाइप करायची, कॅनडा निघालं तर सी-ए. त्या दोन अक्षरांनी कराचा आकडा शून्य व्हायचा. पण ती अक्षरं टाइप करायला पुरावा लागतो. माल बनवणारा एका कागदावर शपथेनं सही करून देतो की ह्या वस्तूचं गाव अमुक. तो कागद दर जानेवारीत नवा करायचा. आमचं काम नीट झालं की ते कुणाला दिसत नाही, ह्याचा मला फार गर्व होता. त्याच गर्वाचं पुढे काय झालं ते सांगते.

रॉय पहिल्यांदा आला तेव्हा मी नुकतीच त्या ऑफिसात लागले होते. दोन हजार दोनचा उन्हाळा असावा. सहा फूट उंच, लालबुंद चेहरा, हातात डोनट्सचा खोका. त्याच्या पिकअप ट्रकमध्ये मागे एक भलंमोठं पत्र्याचं खोकं होतं. "मॅम, मला ह्याचा नंबर हवाय," तो म्हणाला. मी बाहेर जाऊन बघितलं आणि अशी काही किंचाळले की बॉस धावत आला.

कूलर होता! नागपूरला आमच्या खिडकीत असायचा तसा कूलर! तीन बाजूंना जाळी, आत लाकडाच्या भुश्शाचं गवत, खाली पाण्याची टाकी, मध्ये पंखा. टेक्सासच्या पश्चिम भागात हवा कोरडी, तिकडे गोठ्यांत आणि वर्कशॉपमध्ये हे कूलर चालतात. रॉय ते बनवायचा. मी त्याला सांगितलं की आमच्या नागपुरात मे महिन्यात घरोघरी कूलर असतो, त्यात वाळा घातला की वाऱ्याला वास येतो, आणि संध्याकाळी पंप बंद पडला की अख्ख्या घराचा जीव जातो. त्याचा विश्वासच बसेना. "घरोघरी?" त्यानं तीनदा विचारलं. मग मी पुस्तक उघडून त्याला दाखवलं की कूलर हा पंख्यातही मोडत नाही आणि एसीतही मोडत नाही, त्याला स्वतःचा वेगळा नंबर आहे. एखाद्याला मुलाची पत्रिका ऐकवावी तसा तो ऐकत होता. त्या दिवसापासून मी त्याची "मिस कुंदा" झाले. टेक्सासमध्ये बाईमाणसाला मान द्यायचा तर नावाआधी मिस लावतात, मग तिची मुलगी कॉलेजात का जाईना.

त्याच्या कारखान्यात तीसेक माणसं. पत्रा इथलाच. मोटर मात्र मॉन्टेरेहून यायची, म्हणजे मेक्सिकोतून. कूलर इथे अर्विंगमध्ये जुळवला जायचा, आणि त्यातले निम्मे पुन्हा सीमा ओलांडून टोरिऑनच्या एका व्यापाऱ्याकडे जायचे, कारण तिकडचं वाळवंट आमच्यापेक्षा तापतं. मोटर येताना करारामुळे कर नाही, कूलर जाताना करारामुळे कर नाही. दर जानेवारीत मी कागद भरायची, जिथे सही हवी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवायची. रॉय काउंटरवर उभ्याउभ्या सही करायचा आणि डोनटचा खोका पुढे सरकवायचा. त्यानं तो कागद कधी वाचला नाही आणि मी कधी वाचून दाखवला नाही.

दोन हजार सातच्या सुमारास वारं फिरलं. निवडणूक तोंडावर होती, आणि गावोगावी लोक म्हणायला लागले की हा करार मोडा, आमच्या नोकऱ्या परत आणा. टीव्हीवर रोज तेच. दोन्हीकडचे उमेदवार एकमेकांना विचारायचे, तू कराराच्या बाजूचा की लोकांच्या? ऑफिसात आम्ही जेवणाच्या सुट्टीत हसायचो. पण लोक खरंच पेटले होते. आमच्या वस्तीत घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या लागल्या. आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून रॉयचं घर. त्याच्या हिरवळीवरची पाटी सगळ्यात मोठी: "करार सोडा. टेक्सास जोडा."

मी त्या पाटीवरून रोज ड्राइव्ह करत जायची आणि मनात म्हणायची, अरे माणसा, तुझा कूलर! पण बोलायची सोय नव्हती. गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल तिसऱ्याला काही सांगायचं नाही असा आमच्या लायसन्सचा कायदाच आहे. रॉयला स्वतःला सांगता आलं असतं. तेही मी केलं नाही. आपण त्याच्या राजकारणात कशाला पडा, असं वाटलं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडे प्राथमिक मतदान झालं, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवायचं मतदान. टेक्सासमध्ये तेव्हा एक न्यारी पद्धत होती. दिवसा मत द्यायचं, आणि मतदान संपलं की ज्यांनी मत दिलंय त्यांनी संध्याकाळी त्याच केंद्रावर परत यायचं, सभा भरवायची. त्या सभेत उमेदवारासाठी प्रतिनिधी निवडायचे, आणि नंतर कुणालाही उठून पक्षासाठी ठराव मांडता यायचा. कुणालाही! आमची मृणाल नुकतीच अठरा वर्षांची झाली होती, तिचं पहिलं मत. ती इतकी उड्या मारत होती की शेवटी मीही तिच्याबरोबर निघाले. श्रीकांत म्हणाले, "दिवसा एकदा मत दिलंय ना? मग पुन्हा कशाला?" आणि क्रिकेट लावून बसले.

शाळेच्या कॅफेटेरियात सभा होती. पहिली-दुसरीच्या मुलांचे बुटके बाक, आणि त्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली मोठी माणसं. काय गर्दी होती सांगू! रांग पार्किंगच्या टोकापर्यंत. म्हाताऱ्या बायका व्हीलचेअरवर, पोरं खांद्यावर, पिझ्झाचे खोके फिरतायत, एकमेकांना कधीही न भेटलेले शेजारी हात मिळवतायत. इतकी वर्षं ह्या देशात राहिले, पण हा देश माझा आहे असं मला त्या बुटक्या बाकावर पहिल्यांदा वाटलं. अध्यक्ष म्हणून एलेन नावाच्या निवृत्त लायब्ररियन बाई निवडल्या गेल्या. चिटणीस कोण होणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा मृणालनं माझा हात धरून वर केला. "माय मॉम हॅज बीन टेकिंग मिनिट्स माय होल लाइफ!" टाळ्या पडल्या आणि मी वही घेऊन एलेनबाईंच्या शेजारी बसले.

प्रतिनिधी निवडून झाले तशी गर्दी पांगली. दोन तास बसून लोक कंटाळले होते. शेवटी बावीस माणसं उरली आणि एलेनबाई. अध्यक्ष म्हणून त्यांचं मत नव्हतं. "कुणाचा काही ठराव?" त्यांनी विचारलं. मागच्या बाकावरून रॉय उठला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वाचला: आपल्या देशानं नाफ्तातून बाहेर पडावं.

"अनुमोदन कुणाचं?" एलेनबाई म्हणाल्या.

आणि ती शांतता पसरली. लोक घड्याळाकडे बघायला लागले. कुणी किल्ल्या चाचपल्या. रॉय तो कागद धरून उभाच होता. कॅफेटेरियातला फ्रिज गुरगुरत होता.

माझा हात वर गेला.

"आई!" मृणाल कुजबुजली, पण अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशी. "डिड यू जस्ट सेकंड दॅट?"

तेव्हा मला कळलं. हात खाली घ्यायला उशीर झाला होता. एलेनबाईंनी माझ्याच वहीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "लिहून घ्या, अनुमोदन चिटणीसांचं." मी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं. रॉयचा चेहरा असा उजळला की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्या करारावर आमचं ऑफिस चाललं होतं तो मोडायला निघालेल्या माणसाला मी हात दिला होता, आणि तोही सवयीनं!

रॉय बोलायला लागला. त्याची बायको डार्लीन. तिनं एकोणीस वर्षं जीन्सच्या कारखान्यात मागचे खिसे शिवले. करार झाल्यावर काही वर्षांनी कारखाना सीमेपलीकडे गेला. "शेवटच्या आठवड्यात तिला स्वतःचं मशीन पुसून खोक्यात भरायला लावलं," रॉय म्हणाला. "तिनं ते ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. घरून नेलेल्या ब्लँकेटमध्ये. ओरखडा पडू नये म्हणून." मग तो खाली बसला.

मी पेन धरून बसले होते. सीमेपलीकडे जाणाऱ्या शिलाईच्या मशीनलाही दहा आकडी नंबर असतो. तो मला पाठ होता. माझ्यासारख्याच कुणीतरी तो कुठेतरी टाइप केला असणार आणि पुढच्या खोक्याकडे वळला असणार. एवढ्या वर्षांत ह्या कामाची अशी लाज मला पहिल्यांदाच वाटली.

पण मला आणखीही एक गोष्ट माहीत होती, आणि त्या खोलीत ती बाकी कुणालाच माहीत नव्हती. रॉयनं त्या बंद कारखान्यातल्या आठदहा शिवणाऱ्या बायका आपल्याकडे घेतल्या होत्या. त्यांची बोटं बारीक कामाला सरावलेली, म्हणून कूलरच्या तारा त्याच जोडायच्या. डार्लीन त्यांची मुकादम. उद्या करार मोडला, तर मॉन्टेरेच्या मोटरवर इकडे कर आणि तयार कूलरवर तिकडे कर. टोरिऑनचा व्यापारी दुसऱ्याच दिवशी चीनचा कूलर घेईल. म्हणजे डार्लीनची दुसरी नोकरी जाणार, आणि ती घालवणारा ठराव तिच्याच नवऱ्यानं, तिच्याच प्रेमापोटी मांडलेला. हे मला तिथे उच्चारताही येत नव्हतं.

"अनुमोदकाला दोन मिनिटं," एलेनबाई म्हणाल्या.

मी उठले. मी लाडवाची गोष्ट सांगितली. बेसन भारताचं, हात टोरांटोचे, खाणारा टेक्सासचा. म्हटलं, आपल्या गावातल्या कितीतरी वस्तू अशाच आहेत, आपण ज्यांना इथल्या म्हणतो त्या दोनदोनदा सीमा ओलांडून आलेल्या असतात. गाठ सोडवायची तर आधी कुठला दोरा कुठे गेलाय ते बघायला हवं, नाहीतर आपलीच शिवण उसवेल. मग म्हटलं, "ह्या गृहस्थांचं ऐकून घेतलं जावं म्हणून मी हात वर केला. मत मात्र मी विरोधात देणार आहे." दोनतीन लोक हसले. रॉय हसला नाही.

हात मोजायचं काम चिटणीस म्हणून माझंच. बाजूनं अकरा. विरोधात दहा, आणि माझा अकरावा. समसमान पडलं तर ठराव पडतो.

पार्किंगमध्ये रॉय पिकअपच्या दाराशी उभा होता. "मिस कुंदा," तो म्हणाला, "तुम्हीच मला आत घेतलंत आणि तुम्हीच बाहेर काढलंत." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "रॉय, सोमवारी ऑफिसला या. मला तुम्हाला एक कागद दाखवायचाय. हे मी सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी बॉसला कुठून कळलं देव जाणे. वॉल्टर गंभीर माणूस, पण दारातूनच म्हणाला, "कुंदा, आपल्या घराला काडी लावायला तू काडेपेटी पुरवलीस असं ऐकतो!" दिवसभर जो येईल तो माझ्या टेबलाशी हात वर करून जायचा.

सोमवारी रॉय आला. डोनट्स नव्हते. मी दोन कागद काढून ठेवले होते. एकाच ट्रकचे. एक खरा, आदल्या महिन्यातल्या मोटरींचा. दुसरा खोटा, मी त्याच्यासाठी भरलेला, जणू करार नाहीच. सगळं तेच, फक्त एम-एक्स ही दोन अक्षरं काढलेली. त्याखाली टोरिऑनला जाणाऱ्या कूलरचंही तसंच. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं न दिसणारं काम कुणालातरी दाखवत होते. रॉयनं चष्मा लावला. एकेक ओळ बोटानं वाचली.

"हे दरवर्षी मी सही करत होतो?"

"हो."

"आणि मला वाटायचं, माझा कूलर चांगला आहे म्हणून तिकडे विकला जातो."

"चांगला आहेच. नागपूरची आहे मी, मला कळतं." मी म्हटलं. "पण तिथवर पोचतो तो ह्यामुळे."

तो खुर्चीत मागे रेलला. मला वाटलं, जिंकले. इतक्यात त्यानं खरा कागद माझ्यापुढे सरकवला. "मिस कुंदा, ह्याच्यावर मोटरचा रकाना आहे, पत्र्याचा आहे, वजनाचा आहे. डार्लीनच्या मशीनचं ब्लँकेट कुठल्या रकान्यात लिहायचं?"

मी त्या कागदाचे रकाने वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. तो नमुना मी हजारो वेळा भरला होता. असा रकाना त्यात नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "कुठेच नाही."

"मग मीही चुकलो आणि हा कागदही चुकला," तो म्हणाला. मग त्यानं खिशातून तोच घडी घातलेला ठराव काढला, उलटा केला आणि कोरी बाजू माझ्यापुढे धरली. "तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा."

ती दुपार मी विसरणार नाही. फोन वाजत होते, लारेडोला सीमेवरच्या पुलावर आमच्या ऑफिसातली लूपे ट्रक घेऊन थांबली होती, आणि आम्ही दोघं एका ठरावावर भांडत होतो! तो म्हणायचा कडक लिहा, मी म्हणायची खरं लिहा. तो "मोडा" म्हणायचा, मी खोडायची. मी "आढावा घ्यावा" लिहायची, तो म्हणायचा, "हे लिहून एकाही माणसाला नोकरी मिळालेली मी बघितली नाही." वॉल्टरनं दोनदा डोकावून बघितलं आणि दोन्ही वेळा मुकाट्यानं कॉफी ठेवून गेला. शेवटी उरलं ते एवढंच: करार करायचा असो की मोडायचा असो, त्यामुळे ज्यांचं मशीन खोक्यात भरलं जाणार असेल त्यांना आधी बोलवावं, कागद त्यांच्यापुढे वाचून दाखवावेत, आणि त्यांचं म्हणणं नोंदल्याशिवाय सही होऊ नये.

महिनाअखेरीला जिल्ह्याची मोठी सभा होती. हजारो माणसं, बॅनर, घोषणा, कान किटले. ठरावांची समिती एका बाजूच्या खोलीत बसली होती. आमचा नंबर आला तेव्हा समितीतली माणसं जांभया देत होती. ह्या वेळी रॉयबरोबर डार्लीनही आली होती. लहानशी, केस घट्ट बांधलेली बाई. ती मागे भिंतीशी उभी राहिली. रॉयनं ठराव वाचला. माझ्या अक्षरातला.

"अनुमोदन कुणाचं?" समितीच्या प्रमुखानं मान वर न करता विचारलं.

शांतता पसरली. तीच, ओळखीची. रॉयनं वळून बघितलं नाही. मला म्हणाला होता, "मिस कुंदा, सवय म्हणून वर करणार असाल तर राहू द्या."

त्या ठरावाचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो वरच्या कुठल्यातरी फायलीत गेला आणि तिथून त्याचा पत्ता मला कधी लागला नाही. करार राहिला. रॉयचा कूलर टोरिऑनला जात राहिला. पुढच्या जानेवारीपासून तो कागद मात्र काउंटरवर उभ्याउभ्या सही व्हायचा बंद झाला. रॉय आणि डार्लीन दोघं यायची, खुर्च्या ओढून बसायची, आणि मी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायची. त्याला पाऊण तास लागायचा.

पण ते नंतर. त्या खोलीत मी हात लगेच वर केला नाही. प्रमुखानं मान वर केली. कुणीतरी खुर्ची सरकवली. मी ती शांतता आयुष्यात पहिल्यांदा सोसली, आणि मनात ठराव पुन्हा एकदा वाचला, सगळाच्या सगळा, भिंतीशी उभ्या असलेल्या डार्लीनकडे बघत.

मग हात वर केला. आणि मत मागितलं तेव्हा खाली घेतला नाही.